ॲनिमेट राहिलं काय, गेलं काय, माझ्या फायलींचं काय होणार?

ताई,

ऐरोलीहून लिहितेय. वय ३३. कॉलेज सुटल्यापासून टूडी ॲनिमेशन करतेय आणि ते सगळं एकाच सॉफ्टवेअरवर, ॲडोबी ॲनिमेटवर. शिकले तेव्हा त्याला फ्लॅश म्हणायचो, अजूनही तोंडात तेच येतं. मुलांच्या बडबडगीतांचे व्हिडिओ, ई-लर्निंगचे धडे, मधूनच एखाद्या दवाखान्याची नाहीतर पतपेढीची जाहिरात, असं माझं काम. घराचा निम्मा हप्ता माझ्या कमाईतून जातो.

फेब्रुवारीत बातमी आली की १ मार्च २०२६पासून ॲनिमेट बंद. झोप उडाली. दोन दिवसांत कंपनीने शब्द फिरवला: बंद करत नाही, फक्त नवीन काही घालणार नाही. सगळे म्हणाले, बघ, उगीच घाबरलीस. पण माझी धडधड थांबलेली नाही. मैत्रीण हार्मनी या दुसऱ्या ॲनिमेशन सॉफ्टवेअरवर गेली, ती म्हणते आजच्या आज शिफ्ट हो. नवरा म्हणतो, दोन वर्षांत एआय सगळं करेल, तू सरळ नोकरी बघ. माझ्या कपाटात दोन हार्ड डिस्क भरून एफएलए, म्हणजे ॲनिमेटच्या मूळ फायली आहेत. त्या उद्या उघडल्याच नाहीत तर?

आणि एक गोष्ट आतून खातेय. शनिवार-रविवार मी ठाण्याला, नौपाड्यातल्या एका क्लासमध्ये शिकवते. ॲनिमेटच शिकवते. मी संचालकांकडे विषय काढला तर ते म्हणाले, ‘मॅडम, बॅच संपेपर्यंत पोरांना काही बोलू नका.’ एका मुलाची आई कळव्याला पोळी-भाजी केंद्र चालवून त्याची फी भरतेय. त्या मुलासमोर उभं राहिलं की मला कसंतरी होतं.

मी काय करू?

गोंधळलेली, ऐरोली

ता. क. : नवरा म्हणतो, एवीतेवी बदलायचंच आहे तर नवा लॅपटॉपही घेऊन टाक. घेऊ का?

*

अगं, तुझी धडधड खरी आहे आणि ती थांबवायला मी काही गोड बोलणार नाही. झालं काय ते नीट लावून घेऊ. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ॲडोबीने खरोखरच बंदची तारीख दिली होती. पर्याय म्हणून आफ्टर इफेक्ट्स आणि ॲडोबी एक्स्प्रेस या आपल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरांकडे बोट दाखवलं होतं. ज्याने आयुष्यात एकदा तरी सिम्बॉलमध्ये (म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या सुट्या भागामध्ये) सिम्बॉल टाकून अख्खं पात्र हलवलंय, त्याला हे वाचून हसावं की रडावं कळलं नसेल. जगभरातून ओरड झाली आणि कंपनीने पाऊल मागे घेतलं. आता तारीख नाही. जुन्या-नव्या सगळ्यांना सॉफ्टवेअर मिळत राहील, चुका दुरुस्त होतील, सुरक्षेचे अपडेट येतील. नवीन सुविधा मात्र नाहीत. याला ते मेंटेनन्स मोड म्हणतात.

याच कंपनीच्या फायरवर्क्स या चित्रांच्या सॉफ्टवेअरचं २०१३ साली असंच झालं. नवीन आवृत्ती नाही, दुरुस्त्या काही काळ चालू राहतील, असं सांगितलं गेलं. कुणी येऊन ते तुमच्या मशीनमधून काढून नेलं नाही. पण भोवतालचं जग पुढे गेलं. २०१९मध्ये ॲपलने मॅकवर ३२ बिटचे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, प्रोग्रॅम चालवणंच बंद केलं आणि ॲडोबीच्या सीएस-६ या जुन्या संचातली कितीतरी सॉफ्टवेअरं त्या एका अपडेटने गपगार झाली. सॉफ्टवेअर मरतं ते बहुतेक वेळा असंच. खालची सिस्टिम बदलत राहते आणि वरच्याची डागडुजी करायला कुणी उरत नाही.

लोक तुला असंही सांगतील की फ्लॅश तर कितीदा मेला. खरंय. १९९६ साली फ्यूचरस्प्लॅश म्हणून जन्मलं, लगेच मॅक्रोमीडियाकडे जाऊन फ्लॅश झालं, २००५ साली ॲडोबीच्या हाती आलं. २०१०मध्ये स्टीव्ह जॉब्झने जाहीर पत्र लिहून आयफोनवर फ्लॅशला दार बंदच राहील असं सांगितलं, तेव्हाही लोकांनी श्राद्ध घातलं होतं. २०१६मध्ये नाव बदलून ॲनिमेट केलं. ३१ डिसेंबर २०२०ला फ्लॅश प्लेअर संपला, तेव्हा पुन्हा रडारड. तरी तुझं काम चालूच राहिलं, कारण मेला होता तो प्लेअर, म्हणजे ब्राउझरमध्ये ते चित्र दाखवणारा. तू ज्यात चित्र काढतेस ते अवजार जिवंत होतं, आणि बाहेर व्हिडिओ काढून दिला की गिऱ्हाइकाला प्लेअरशी देणंघेणं नव्हतं. या खेपेला वाढ थांबली आहे ती अवजाराची. म्हणून ‘आधीही असंच झालं होतं’ हे ऐकून निर्धास्त होऊ नकोस. मैत्रीण म्हणते तसं आजच्या आज पळूही नकोस.

ठाण्यात-ऐरोलीत भाड्याने राहिलेल्या माणसाला हे जास्त समजावं लागत नाही. अकरा महिन्यांचा करार असतो, घरमालक भला असतो, सगळं छान चाललेलं असतं, तरी आपण भिंतीत कपाट बांधून घेत नाही. तू दहा वर्षं भाड्याच्या खोलीत कपाट बांधत आलीस. ते कपाट म्हणजे तुझ्या एफएलए फायली. दर महिन्याला पैसे भरलेस तरच तुला तुझंच काम उघडता येतं, आणि उघडायला तेच एक सॉफ्टवेअर लागतं. तेव्हा कोणतं नवीन सॉफ्टवेअर, हा प्रश्न दुसरा. आधी सामान बाहेर काढ.

त्यात एक गोष्ट तुझ्या पथ्यावर पडणारी आहे. सीएस-५ या जुन्या आवृत्तीपासून एफएलए फाइल म्हणजे प्रत्यक्षात एक झिप असते. विश्वास बसत नसेल तर एखाद्या जुन्या फायलीची कॉपी कर (मूळ फाइल नको, कॉपीच), शेवटचं एफएलए खोडून झिप लिही आणि उघड. आत तुला लायब्ररी नावाचा फोल्डर दिसेल आणि त्यात तुझा एकेक सिम्बॉल, तूच दिलेल्या नावाने, एक्सएमएल फाइल होऊन बसलेला दिसेल. ‘ससा_डावा_कान’, ‘आजी_पदर_२’. आणि घाईत नाव न देता सोडलेले ‘सिम्बॉल ४७’सुद्धा. म्हणजे तुझं काम अगदीच कुलूपबंद नाही, साध्या मजकुराच्या रूपात आत आहे, उद्या कुणी ते वाचणारं साधन लिहू शकतं. सेव्ह ॲजमध्ये एक्सएफएल हा पर्याय असतो, तो हेच सगळं झिप न करता सुटं ठेवतो. सीएस-५च्या आधीच्या फायली मात्र अशा उघडत नाहीत. कुणा जुन्या गिऱ्हाइकाकडून तशा आल्या असतील तर त्या आज, ॲनिमेट चालू असताना, उघडून नव्याने सेव्ह करून ठेव. पहिला नंबर त्यांचा.

पण एक्सएमएल जपला म्हणजे रिग, म्हणजे पात्र हलवायचा सांगाडा, जपला असं नाही. हे मनात पक्कं धर, नाहीतर पुढे चिडचिड होईल. हाडं, मोशन ट्वीन (मधल्या फ्रेम आपोआप भरून घेणं), सिम्बॉलच्या पोटातली टाइमलाइन, यातलं दुसरीकडे जसंच्या तसं काहीच जात नाही. जातं ते चित्र आणि जातो तो वेळ. म्हणून प्रत्येक पात्राचा एक फोल्डर कर. त्यात सुटे अवयव एसव्हीजी या चित्रांच्या फायलींमध्ये: डोकं, धड, दंड, हात, पंजे, पापण्या. तोंडाचे सगळे आकार वेगळे. तुझ्या मराठी गाण्यांसाठी तू ओठांचा जो तक्ता घासूनपुसून बसवला असशील, तो कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उद्या तस्साच वापरता येईल. तो हरवू देऊ नकोस. पूर्ण सीनची पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी मालिका काढून ठेव, आवाजाची डब्ल्यूएव्ही वेगळी ठेव. एखादी चाल किंवा उडी तुला फार जमली असेल तर कॉपीमध्ये तिचं फ्रेम-बाय-फ्रेम रूपांतर कर आणि कोणत्या फ्रेमला पाय टेकला, कुठे थांबा घेतला, ते एका कागदावर लिहून काढ. पूर्वीची मंडळी एक्सपोजर शीटवर, म्हणजे फ्रेमवार तक्त्यावर, हेच लिहायची.

आता मराठी मजकुराचं. ही भानगड परदेशी ट्यूटोरियलमध्ये कुणी सांगत नाही. तुझ्या सुरुवातीच्या फायलींत मराठी अक्षरं युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणारी, नसतील. श्रीलिपी, शिवाजी, नाहीतर डीटीपीवाल्याने पेन ड्राइव्हवर दिलेला कुठलातरी फॉन्ट असेल. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर ‘चिऊताई चिऊताई दार उघड’च्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसतात, आणि मूळ ओळ काय होती तेही सहजी कळत नाही. तेव्हा फॉन्ट जिवंत आहे तोवर फाइल उघड, मजकूर ब्रेक अपार्ट करून आकारात बदल, आणि तीच ओळ शेजारी युनिकोडमध्ये टाइप करून साध्या टेक्स्ट फायलीत ठेव. कंटाळवाणं काम आहे. पावसाळ्यात कामं मंदावतात तेव्हा रोज दुपारी तासभर यालाच दे.

सगळ्या फायलींचं हे करायचं नाही हं. दोन हार्ड डिस्कमधलं निम्मं सामान तू पुन्हा कधी उघडणार नाहीस, हे तुलाही माहीत आहे. पतपेढीच्या ठेव योजनेची जाहिरात कुणाला हवीय? जी पात्रं पुन्हा पुन्हा लागतात, ज्या मालिकेचे भाग अजून चालू आहेत आणि जे काम तुला दाखवायला आवडतं, तेवढं काढ. बाकीच्याचा एमपीफोर आहे का बघ, असला तर पुढे हो. आणि एक प्रत घराबाहेर ठेव. माहेरी, बहिणीकडे, क्लाउडवर, कुठेही. दोन्ही डिस्क एकाच कपाटात ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे.

गिऱ्हाइकांनाही यात घे. ज्यांचे व्हिडिओ तू वर्षानुवर्षं करतेस त्यांना सरळ विचार: मूळ फायली तुम्हाला पुढे लागणार आहेत का? लागणार असतील तर त्या नव्या स्वरूपात काढून द्यायचे पैसे लाव आणि बिलात वेगळी ओळ टाक. आणि यापुढच्या प्रत्येक कामात सोर्स फाइल द्यायची की नाही, दिली तर कोणत्या स्वरूपात, हे आधीच मेलवर लिहून घे. आपल्याकडे हे बोलायला लोक लाजतात आणि मग दोन वर्षांनी भांडतात.

आता कुठे जायचं? तुझी मैत्रीण हार्मनीवर गेली, चांगलं केलं. मोठ्या मालिका करणाऱ्या स्टुडिओंत टून बूम हार्मनी चालतं, आणि तुला स्टुडिओत नोकरी किंवा त्यांचं बाहेरचं काम हवं असेल तर ते शिकावंच लागेल. पण तुझ्या पत्रावरून तसं वाटत नाही. तू घरी बसून, एकटी, कटआउट पद्धतीची, म्हणजे सुट्या अवयवांची, पात्रं हलवतेस. तुझ्यासाठी मी मोहो म्हणेन. व्हेक्टर आहे, म्हणजे चित्र कितीही मोठं केलं तरी फुटत नाही, हाडांचा रिग त्याचा जीवच आहे, एसव्हीजी आत घेतं आणि मुख्य म्हणजे एकदा विकत घेतलं की तुझं. ती आवृत्ती तुझ्या मशीनवर चालतेय तोवर दरमहा कुणाला काही द्यायचं नाही. मधली काही वर्षं ते ॲनिमे स्टुडिओ या नावाने दुसऱ्या कंपनीकडे होतं, नंतर मूळ कर्त्याकडे परत आलं. म्हणजे तिथेही उद्याची खात्री कुणी देत नाही. फरक एवढाच की तिथे कंपनी बुडाली तरी तुझी प्रत बुडत नाही.

पैसे अजिबात घालायचे नसतील तर ओपनटून्झ आहे. इटलीत तयार झालेलं, जपानच्या स्टुडिओ जिब्लीने वापरलेलं टून्झ २०१६मध्ये सगळ्यांसाठी मोफत आणि खुलं झालं. ताकदीचं आहे, पण पहिल्या भेटीत रडवतं. क्रिटा हाताने फ्रेम काढणाऱ्यांसाठी उत्तम, तुझ्या कामाला नाही.

ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरवर मात्र मी दोन मिनिटं थांबणार आहे, कारण तुझ्या भीतीचं उत्तर त्याच्या इतिहासात आहे. ब्लेंडर बनवणारी कंपनी २००२मध्ये बंद पडली. सॉफ्टवेअरही तिच्याबरोबर जायचं. पण वापरणाऱ्यांनी वर्गणी काढली, १ लाख युरो अवघ्या सात आठवड्यांत गोळा केले आणि त्याचा सोर्स कोडच, म्हणजे मूळ प्रोग्रॅमच, सोडवून आणला. तेव्हापासून ते कुणा एकाचं नाही, त्यामुळे कुणा एकाला मेल पाठवून ते बंदही करता येत नाही. २०२५मध्ये ॲनिमेशनपटाचं ऑस्कर घेऊन गेलेला लॅटव्हियाचा चित्रपट त्यावरच बनला होता. त्यातलं ग्रीस पेन्सिल टूडी चित्रांसाठीच आहे आणि २०२४च्या अखेरीस ते नव्याने लिहिलं गेलं. तुझ्यासारख्या रोजच्या रतीबवाल्या बाईला पहिल्याच दिवशी त्यात उडी मार असं मी सांगणार नाही, त्याची मांडणी अंगवळणी पडायला वेळ जातो. पण बाजूला उघडून ठेव. मुलं झोपल्यावर, कुणाचं काम नसताना, त्यात एक चेंडू उडवून बघ.

बदलायचं कधी? चालू कामाच्या मध्ये नाही. हातातली मालिका ॲनिमेटमध्येच पूर्ण कर, ते आज व्यवस्थित चालतंय. पुढचं छोटं काम येईल, तीस-चाळीस सेकंदांचं, ओळखीच्या गिऱ्हाइकाचं, ते नव्यात कर आणि डेडलाइन नेहमीच्या दुप्पट माग. पहिल्यांदा तुला प्रत्येक गोष्टीला वेळ लागेल, हात जुन्या शॉर्टकटवर जाईल, आणि तिसऱ्या दिवशी वाटेल की आपल्याला काहीच येत नाही. येतं. पाय कधी टेकवायचा ते सॉफ्टवेअरने तुला शिकवलेलं नाही. आणि कुणीतरी नक्की सुचवेल की जुनं सीएस-६ क्रॅक करून टाक, आयुष्यभर कटकट नाही. लॅमिंग्टन रोडच्या सीडीचे दिवस आठवून लोक अजूनही असं सांगतात. गिऱ्हाइकाच्या फायली ज्या मशीनवर आहेत त्यावर क्रॅक टाकणं म्हणजे चोराला घराची किल्ली देणं. शिवाय धंद्याची बिलं तुझ्या नावाने फाटतात.

आता क्लास. इथे मी तुझ्या संचालकांच्या बाजूने नाही, आणि तूही नाहीस, नाहीतर पत्रात तो परिच्छेद लिहिला नसतास. ज्या मुलाची आई पहाटे उठून पोळ्या लाटते त्याला, आपण शिकतोय ते अवजार आता वाढणार नाही, हे कळण्याचा पहिला हक्क आहे. आणि तो काय, शोधून काढेलच. ही पोरं आपल्याआधी बातमी वाचतात. तुझ्या तोंडून कळणं आणि तू लपवलंस असं कळणं, यात फार अंतर आहे.

पण थेट वर्गात जाऊन बॉम्ब टाकू नकोस. आधी संचालकांना भेट आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस. सांग, की उरलेल्या तासांत मी हाच अभ्यासक्रम दोन सॉफ्टवेअरमध्ये शिकवते. चेंडू, चाल, लिप-सिंक, सगळं आधी ॲनिमेटमध्ये आणि मग तेच ओपनटून्झ नाहीतर ब्लेंडरमध्ये. लायसन्सचा एक रुपया खर्च नाही. उलट ‘दोन सॉफ्टवेअर शिकवतो’ हे तुम्हाला गोखले रोडच्या बोर्डवर लिहिता येईल. धंदेवाल्या माणसाला ही भाषा कळते. त्यांनी ऐकलं तर उत्तम. नाही ऐकलं तरी मुलांनी विचारल्यावर खोटं बोलायचं नाही, हे त्यांना तिथेच सांगून ये, म्हणजे पुढे चोरून केल्यासारखं वाटणार नाही. शनिवार-रविवारचे ते पैसे गेले तर घरात किती ओढ बसेल, याचा हिशोब मात्र आधी नवऱ्याबरोबर बसून कर.

मुलांना सांगताना रडकथा नको. बातमी सांग, मेंटेनन्स मोड म्हणजे काय ते सांग आणि त्यांच्या हाताने एक एफएलए झिप करून उघडायला लाव. दहा मिनिटांचा धडा आहे, पण आपलं काम कुठल्या डब्यात असतं हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा दहा वर्षं आधी कळेल.

नवऱ्याचं म्हणणं थोडक्यात. एआयमुळे स्वस्तातलं, कुणी फारसं न बघणारं काम जाणार, काही प्रमाणात ते जायला लागलंयही. पण तुला तोच ससा, तोच कान, तेच दात, चाळिसाव्या भागातही तसेच लागतात आणि गिऱ्हाइकाने ‘आजीचा पदर डावीकडून घ्या’ म्हटलं की फक्त पदरच बदलायचा असतो. ते आज तुझ्या रिगमध्ये मिनिटाचं काम आहे. नोकरी बघायची तर जरूर बघ, पण घराचा हप्ता, मुलांच्या वेळा, प्रवास, या कारणांसाठी बघ. भीतीपोटी घेतलेल्या नोकरीत तू सहा महिन्यांत कंटाळशील आणि इकडची गिऱ्हाइकंही गेलेली असतील.

लॅपटॉप घेऊ नकोस. निदान आत्ता नाही. सध्याचं मशीन हेच तुझं ॲनिमेटचं मशीन, ते जपायचं. रॅम वाढवून घे, जुनी हार्ड डिस्क असेल तर काढून एसएसडी बसव, आणि सिस्टिमचं मोठं अपडेट आलं की लगेच ‘ओके’ दाबू नकोस, पुढे ढकल आणि इतरांचं ॲनिमेट त्यावर चालतंय का ते बघून मगच घे. लॅपटॉपचे पैसे मोहोला आणि तिसऱ्या हार्ड डिस्कला लाव. उरले तर नवऱ्याला तलावपाळीला भेळ खायला ने आणि तिथे बसून त्याला हे सगळं समजावून सांग.

— ताई